एकोणऐंशीची उडी

सावरखेड्यात बॅले होतो, असं सांगितलं की बाहेरचा माणूस आधी हसतो. त्याला हसू द्यावं. सावरखेड्याची माणसं त्या हसण्याला सरावलेली आहेत. ती फक्त विचारतात, "नाताळाला येता का?" आणि जो येतो तो पुढच्या वर्षी बायकोमुलांना घेऊन येतो.

हा बॅले आणला मिस एडिथ नावाच्या अमेरिकन मिसबाईंनी, त्याला आता सत्तर वर्षं होत आली. लहानपणी आपल्या देशात त्या पायाच्या बोटांवर नाचायला शिकल्या होत्या आणि इथल्या मिशनच्या वसतिगृहातल्या पोरींना तसंच शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. काळ्या रानात वाढलेले अनवाणी पाय काही बोटांवर उभे राहीनात. मग बाईंनी शहाणपणा केला. बोटांचा हट्ट सोडला, ढोलकी आणि लेझीम जवळ केलं, आणि येशूजन्माची सगळी गोष्ट एक शब्द न बोलता नुसत्या अंगानं सांगायची, एवढा एकच नियम ठेवला. मिसबाई परत गेल्या, वसतिगृह बंद पडलं, नियम तेवढा राहिला. गाव त्याला 'ब्याले' म्हणतं आणि त्यावरून वर्षभर भांडतं.

भांडायची जागाही ठरलेली आहे. चर्चच्या कुंपणाला लागून सिमेंटचा बाक आहे, आणि रविवारची उपासना आटोपली की चौघांचा तिथं ठिय्या पडतो. नोहामामा त्यातले मुख्य. हयातभर साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या, आता रिटायर झाल्यावर माणसं तोलतात. दुसरा पुंजाराम. तो ख्रिस्ती नाही, पण पंचावन्न वर्षं बॅलेची ढोलकी त्याच्याच मांडीवर आहे, त्यामुळे त्याला परका म्हणायची कोणाची टाप नाही. तिसऱ्या चांगुणाबाई, माहेरच्या खर्ड्याच्या, सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावरही या गप्पा न सोडलेल्या. चौथ्या त्यांच्या नणंद कृपाबाई. पारनेर तालुक्यातल्या शाळांमध्ये तेहेतीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवून त्या माघारी आल्या. लग्न केलं नाही. भावाच्या घरात वहिनीबरोबर राहतात, आणि दोघींचं बरं चाललेलं असतं.

ऑक्टोबर उतरणीला लागला की बाकाला जोर चढतो, कारण पात्रं ठरायचे दिवस जवळ येतात.

"चौऱ्याऐंशीची मरीया," नोहामामा सुरुवात करतात. "तशी मान खाली घालनारी पुन्हा झाली न्हाई. आताच्या पोरी देवदूत पुढं आला की फोटू काढून घेतल्यागत बघत्यात."

"आन् भिमाजीचा उंट?" पुंजाराम म्हणतो.

उंट दोन माणसांचा असतो, वरून गोणपाट. भिमाजीनं एकवीस वर्षं त्याचे मागचे पाय केले.

"पुढच्या पायात काय, कोनी बी चालंल. मागच्याला दिसत न्हाई. त्यो नुसता माझ्या ढोलकीवर चालायचा. तसा मागचा उंट आता व्हायचा न्हाई." भिमाजीच्या मातीला पुंजारामनं हळूच उंटाचा ताल धरला होता आणि पाळकसाहेबांनी तिकडं कानाडोळा केला होता.

"माणसं आहेत अजून," कृपाबाई म्हणतात. "पण शिकवायला वेळ कोणाला आहे? लग्नात डीजे लावायला सगळं गाव पुढं. बॅलेच्या तालमीला एक सतरंजी मागा, सगळ्यांच्या सतरंज्या धुवायला टाकलेल्या असतात."

"कला जगली पायजे म्हनून भाषन करायला येत्यात की," चांगुणाबाई म्हणतात. "भाषन झालं की गाडीत बसत्यात. ब्याले बघत न्हाईत."

असं बोलणं मरीयेवरून उंटावर, उंटावरून सतरंजीवर, आणि कुठूनही निघालं तरी शेवटी एकोणऐंशीच्या उडीवर येतंच.

ती उडी गॅब्रिएलची. देवदूत मरीयेला निरोप द्यायला येतो, तो प्रसंग. मिसबाईंनी त्याला पंख दिले होते, पण डोक्याला सोनेरी केस काही मिळेनात, म्हणून पांढरा फेटा बांधला आणि तोंडाला सफेदा फासला. तेव्हापासून सावरखेड्याचा गॅब्रिएल फेटेवाला आहे. तो वसतिगृहाच्या दगडी ओट्यावरून अंगणात उडी घेतो. बाकीच्या वर्षांत ती नुसती उडी असते. एकोणऐंशी साली मात्र देवदूत वर गेला आणि वरच राहिला. पुंजारामची थाप पडली, लोकांनी श्वास घेतला, तरी तो वरच होता. मग खाली आला तो मरीयेच्या पुढ्यात, एक गुडघा जमिनीला टेकून, मान खाली घालून. असं कोणी शिकवलं नव्हतं. त्या वर्षापासून प्रत्येक गॅब्रिएल तो गुडघा टेकतो. त्याला नावच पडलंय, 'मार्कचा गुडघा'. मार्क म्हणजे चांगुणाबाईंचे यजमान, कृपाबाईंचे थोरले भाऊ.

"म्या नाताळासाठी मामाकडं आले हुते," चांगुणाबाई दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी नवीन असल्यासारखं सगळे ऐकतात. "ती उडी बघितली न् मामाला म्हनलं, माझं लगीन करायचं तर हितं करा. फेब्रुवारीत साखरपुडा."

एवढं झालं की नोहामामा हात जोडतात, पुंजाराम मांडीवर थाप मारतो, आणि कृपाबाईंना एकदम घरचं काहीतरी आठवतं.

कारण ती उडी मार्कनं मारलीच नव्हती. ती कृपाबाईंनी मारली होती.

त्या वर्षी त्या सतरा वर्षांच्या होत्या. मार्क कारखान्यात नुकताच चिकटलेला. गळिताचा हंगाम आणि नाताळ एकाच वेळी येतात, हे सावरखेड्याचं जुनं दुखणं आहे. त्या दिवशी त्यानं पाळी बदलून घेतली होती, पण ऐन संध्याकाळी मिल अडकली आणि कोणालाही गेटबाहेर सोडलं नाही. सायकलवरून निरोप आला तेव्हा सहा वाजले होते. अंगणात गॅसबत्त्या लागल्या होत्या, आसपासच्या चार गावांची माणसं येऊन बसली होती. वडील पंचकमिटीत, आबरूला जपणारे, पुढं खुर्चीवर. आई पडद्यामागं. आईनं कृपाकडं बघितलं. दोन महिने भावाला खळ्यात ताल मोजून देणारी, तो कंटाळला की स्वतः उडी मारून दाखवणारी तीच होती. आईनं फेटा उचलला आणि लेकीच्या डोक्याला बांधायला घेतला. कृपा ज्यांत नाचायची त्या बारा तारकांमध्ये एक तारका कमी भरली, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटच्या गीताला मार्क धापा टाकत पोचला. पडद्यामागं बहिणीनं फेटा उतरवला, भावानं चढवून तोंडाला सफेदा फासला, आणि निरोपाच्या नमस्काराला तो पुढं आला. लोकांनी त्याला उचलून धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "कृपे, मी बाबांना खरं सांगतो." ती म्हणाली, नको. जूनमध्ये तिला नगरला शिक्षिकेच्या कोर्सला जायचं होतं, आणि पोरगी पुरुषाचा लेंगा घालून चार गावांपुढं नाचली हे कळलं असतं तर वडिलांनी तिला घराबाहेर पाठवलं नसतं. थोडे दिवस गप्प राहू, असं ठरलं. तेवढ्यात खर्ड्याचं स्थळ आलं. ज्या उडीवर पोरगी भुलली ती नवऱ्याची नाहीच, हे नव्या नवरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? थोड्या दिवसांचं आयुष्यभराचं झालं.

आता मुद्द्याचं. बॅलेची पात्रं ठरवायची सावरखेड्याची एक रीत आहे. लग्नाआधी चर्चमध्ये नवरानवरीची नावं पुकारतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात, तशीच पात्रांची नावं नोव्हेंबरातले दोन रविवार उपासनेनंतर पुकारली जातात. ज्याला हरकत असेल त्यानं उभं राहून सगळ्यांसमक्ष कारण सांगायचं. मागून कुरकुर केलेली चालत नाही. पुकार करतात प्रभुदास सर. हायस्कूलला शिकवतात, आणि दहा वर्षं बॅले त्यांच्याच गळ्यात आहे.

पहिल्या रविवारी त्यांनी मरीया वाचली, मेंढपाळ वाचले, उंटाचे पुढचे-मागचे पाय वाचले. मग घसा साफ करून म्हणाले, "गॅब्रिएल. एंजल."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. एंजल बारावीतली पोरगी. लांब उडीत जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेली, आई अंगणवाडीत. पुढच्या जूनला ती नर्सिंगला मिरजेला जाणार होती; म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

नोहामामा उठले. "माझी हरकत हाय."

"कारण सांगा, मामा."

"गॅब्रिएल बाप्या मानसाचं काम हाय. पोरीची जात, उद्या पाय मुरगाळला तर जबाबदार कोन? आन् म्या तालीम बघितली. पोरगी उडी चांगली घेती, पर उतरती दोन पायावर. गुडघा कुठाय? मार्कचा गुडघा न्हाई तर त्यो गॅब्रिएलच न्हाई." त्यांचा नातू गॅब्रिएल व्हायच्या वयात आला होता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या नातवाला नाचायची अजिबात हौस नव्हती हेही. पण मामांचं दुःख खोटं नव्हतं. त्यांनी ती उडी डोळ्यांनी बघितली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. "ती उडी मार्कच्या घरची हाय. चांगुणानं सांगावं. ती व्हय म्हनली तर म्या खाली बसतो."

सगळ्यांनी चांगुणाबाईंकडं बघितलं. चांगुणाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "फुडच्या रविवारी सांगते."

तो आठवडा कृपाबाईंना जड गेला.

सोमवारी संध्याकाळी त्या शाळेच्या मैदानावर गेल्या. एंजल एकटीच ओट्याएवढ्या उंचीवरून उड्या घेत होती. बाईंना बघून ती थांबली.

"बाई, तुम्ही बघितली होती ना मार्ककाकांची उडी? मला तो गुडघा समजावून सांगा. मी टेकते, पण अंग ऐकत नाही. उडी घेतल्यावर अंगाला पुढं धावायचं असतं. त्याला मधेच खाली का बसवायचं?"

कृपाबाई म्हणाल्या, "पुन्हा घे."

पोरीनं घेतली. हात उघडे, मान वर, आणि उतरली तशी दोन पावलं पुढं धावत गेली, निरोप सांगायची घाई असलेल्या माणसासारखी. बरोबर होतं ते. मिसबाई असत्या तर त्यांनी हेच मागितलं असतं. कृपाबाईंना आपले सतराव्या वर्षीचे पाय आठवले आणि इतकी ओढ लागली की त्यांनी मैदानाच्या कठड्याला धरलं. त्या पोरीचा हेवा वाटला, आणि मग तिची काळजी वाटली.

घरी गेल्यावर वहिनीला सांगायचंच, असं ठरवून त्या गेल्या. चांगुणाबाई मेथी निवडत होत्या.

"वहिनी."

"काय गं?"

"काही नाही. मीठ संपत आलंय."

मंगळवारी संपत आलेलं तेल आठवलं, बुधवारी गॅस. गुरुवारी चांगुणाबाईंनी मार्कच्या फोटोची काच पुसली, हार बदलला आणि बराच वेळ फोटोपुढं उभ्या राहिल्या. कृपाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. या बाईपाशी काय आहे, त्यांनी मनात म्हटलं. मूलबाळ नाही. नवरा गेला. एक उडी आहे, ती आपण काढून घ्यायची? आणि नाही काढून घेतली तर त्या पोरीनं काय करायचं? त्यांनी देवाजवळ एकच मागितलं, की रविवारी वहिनीनं हो म्हणावं. म्हणजे कोणाचंच काही बिघडणार नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. एरवी बाहेर झाडाखाली तंबाखू मळत बसणारा पुंजारामसुद्धा आज दारात येऊन उभा होता. प्रभुदास सरांनी नावं पुकारली. गॅब्रिएलपाशी आले आणि चांगुणाबाईंकडं बघून थांबले.

चांगुणाबाई उठल्या. "माझी परवानगी न्हाई," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

एंजल पाठ ताठ ठेवून बसली होती. तिनं फक्त खाली बघितलं. तिच्या आईनं तिच्या हातावर हात ठेवला. नोहामामांना आनंद व्हायला हवा होता, पण तेही जरा वरमल्यासारखे दिसले. प्रभुदास सरांनी कागदावर काट मारायला पेन काढलं.

"थांबा, सर," कृपाबाई म्हणाल्या. आपण उभ्या राहिलो आहोत हे त्यांना उभ्या राहिल्यावर कळलं. "ती उडी मार्कची नव्हती. मी मारली होती."

मग नोहामामा मायेनं म्हणाले, "कृपाबाई, बसा. तुमची तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे."

"अवो, म्या सवता त्याला खांद्यावर घेतलं हुतं."

"खांद्यावर घेतलात तो मार्क. उडी मारली ती मी. मार्क कारखान्यात होता, मिल अडकली होती. आईनं मला फेटा बांधला."

मामांनी इकडंतिकडं बघितलं, कोणी साक्षीला मिळतंय का म्हणून. "मंग त्यो गुडघा? त्यो गुडघा पोरीनं टेकला?"

"मामा, तो गुडघा टेकलेला नाही," कृपाबाई म्हणाल्या. "मी पडले. मार्कचा लेंगा मला चार बोटं लांब होता, त्यात पाय अडकला. उठायला गेले तर पुन्हा पाय लेंग्यातच. म्हणून तशीच बसून राहिले. मान खाली घातली ती रडू येत होतं म्हणून."

मागच्या बाकावर तीन माजी गॅब्रिएल ओळीनं बसले होते. त्यातल्या एकानं नकळत आपला गुडघा चोळला.

"तरीच," दारातून पुंजाराम म्हणाला. "गॅब्रिएल उठंना, म्हनून म्या तीन थापा जास्ती मारल्या हुत्या. आजून मारतो."

कोणीतरी हसलं, पण नोहामामा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. ते चांगुणाबाईंकडं वळले. "चांगुणा, तू सांग. हे खरं हाय?"

कृपाबाईंनी वहिनीकडं बघायचं टाळलं. आता ती कोसळेल, असं त्यांना वाटत होतं.

"खरं हाय," चांगुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. आवाजात कंप नव्हता. "मार्कनं मला लग्नानंतर आठव्या दिशी सांगितलं. माझी परवानगी कशाला मागता? ज्याची उडी, त्याला इचारा."

प्रभुदास सर हुशार माणूस. त्यांनी तेवढ्यावर धरलं. "कृपाबाई, तुमची परवानगी आहे?"

"आहे. पण गुडघा टेकायचा नाही. पोरगी धावत जाते तशीच जाईल."

"मामा? हरकत?"

"हरकत न्हाई," नोहामामा म्हणाले. "पर मंग आमी इतकी वर्सं वाहवा केली ती कोनाची?"

"हिचीच केली," चांगुणाबाई म्हणाल्या. "नाव तेवढं दुसरं घेतलं."

घरी जाताना दोघी नेहमीच्या वाटेनं निघाल्या, कालव्याच्या कडेनं. मग कृपाबाईंना राहवलं नाही.

"तुला माहीत होतं, तर दरवर्षी बाकावर बसून तेच तेच का सांगायचीस?"

"तुला ऐकवायला. मार्कनं शपथ घातली हुती, तुझ्या तोंडून निघाल्याबिगर म्या कुनाला बोलायचं न्हाई. मंग काय करनार? वरसातून एकदा तुझ्या तोंडावर तुझं कौतिक करायचे. म्हनायचे, आज तरी ही म्हनंल, वैनी, ती मी. सेहेचाळीस वर्सं, कृपे. दगडाला पाझर फुटला असता."

कृपाबाई रस्त्यातच थांबल्या. सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात मार्कनं त्यांचा हात धरून विचारलं होतं, "आता सांगू का?" आणि त्यांनी त्याचा हात दाबून त्याला गप्प केलं होतं. त्यांना वाटलं होतं, आपण भावाची लाज राखतोय. त्याला लाज राखून नको होती. त्याला मोकळं व्हायचं होतं, आणि तेवढं एक बहिणीनं त्याला करू दिलं नव्हतं. हे आता त्याला सांगायची सोय नव्हती.

"त्यो आठव्या दिशी रडत रडत बोलला," चांगुणाबाई सांगत होत्या. "म्हनला, तुला माघारी जायचं तर जा. म्या म्हनलं, उडीवर कुनाचा संसार चालतो व्हय? तू सैपाक चांगला करतोस, ऱ्हाते मी."

"आणि आज मुद्दाम नाही म्हणालीस."

"मंग? व्हय म्हनले असते तर तू पुन्हा पदर सावरून बसली असतीस."

"मी उठलेच नसते तर? त्या पोरीचं काय झालं असतं?"

"तर म्या उठले असते, शपथ मोडून. पोरीचं वाटोळं करायला मी काय येडी हाय?" चांगुणाबाई दोन पावलं पुढं गेल्या. "पर तुझ्याशी बोलले नसते."

त्या बोलल्या नसत्या, हे कृपाबाईंना पुरतं ठाऊक होतं. उसानं भरलेला ट्रॅक्टर आला तशा दोघी कडेला सरकल्या आणि तो जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

"आता मला सांग," चांगुणाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज सांगणाऱ्याचा नव्हता, ऐकायला बसलेल्या माणसाचा होता. "वर गेल्यावर काय दिसलं?"

"तू दिसलीस."

"मी?"

"सगळे पायांकडं बघत होते. एक परकी पोरगी तेवढी माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि हसली. मला वाटलं, हिनं ओळखलं. त्या धसक्यानंच खाली येताना पाय लेंग्यात गेला."

चांगुणाबाई विचारात पडल्या. "ओळखलं न्हवतं गं," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, किती देखना हाय." मग थोडं चालून झाल्यावर खालच्या आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. "लग्नात मार्कला जवळून बघितलं, तवा जरा कमीच वाटला हुता."

कृपाबाईंना आधी रडू आलं आणि त्यातच हसू आलं, आणि दोन्ही काही केल्या आवरेना. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बाया माना वळवून बघायला लागल्या. चांगुणाबाईंनी त्यांना दंडाला धरून पुढं चालवलं. डोळे पुसून झाल्यावर कृपाबाई म्हणाल्या, "वहिनी, पुन्हा विचार."

"काय?"

"वर काय दिसलं ते. अजून सगळं सांगून झालं नाही माझं."